शिकेरेबेनाई

होक्काइदोत जानेवारीच्या उत्तरार्धात
दूधसुद्धा टाकीच्या कडेला गोठायला बघतं.
होरिनोउची तामोत्सु दुधाचा टँकर चालवायचा,
पहाटे चारला निघायचं, अठ्ठावीस गोठे.
त्याआधीची रात्र त्याची स्वतःची.

पत्र्याच्या शेडचं छप्पर तो रुळांवरून मागे ढकलायचा
(रूळ बंद पडलेल्या खाणीतले, भंगारात मिळालेले)
आणि दुर्बिणीला डोळा लावून
एकच तारा वीस मिनिटं तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा.
पापणीचे केस थंड धातूला चिकटत,
सोडवताना दोन-चार तुटत.
बायको, फुसाए, म्हणे,
"आकाश फुकट देत नाही हो तुम्हाला,
केसागणिक मोजून घेतं."

फिल्म दोन, मध्ये पाऊण तास.
धुऊन वाळल्या की स्वयंपाकघरातल्या मेजावर
शेजारी शेजारी, दोन भिंगांखाली:
डाव्या डोळ्याला पहिली, उजव्याला दुसरी.
तारे जागच्या जागी, सांडलेल्या तिळांसारखे.
आणि त्यांतलं जे सरकलं असेल
ते एकदम वर उचललं जातं,
दुधावर साय धरावी तसं,
स्पर्श केला तर सुरकुतेल असं.

हे तामोत्सुला कधीच दिसलं नाही.
लहानपणी गायीच्या शेपटीचा फटका बसून डावा डोळा गेलेला.
त्याला नुसते ठिपके, हजारो, एका पातळीवर.
तरंगणारा दिसला तो फुसाएला,
मंगळवारी, मुळा किसून झाल्यावर,
हात पुसून.
"हा बघा," ती म्हणाली,
"हा एकटा उभा आहे. बाकीचे निजलेत."

कळवल्यावर मिळालं ते नाव नव्हे, पावती:
सन, पंधरवड्याचं अक्षर, पुढे आणखी एक अक्षर.
(तिकडेही पंधरवडे मोजतात,
चंद्राला मात्र कुणी विचारत नाही.)
शोधणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव.
रकाना एकच होता.

आणि लघुग्रह एकदा सापडून भागत नाही.
मंगळ आणि गुरूच्या मधला हा चार किलोमीटरचा धोंडा,
सकाळी निघालात तर जेवणापर्यंत प्रदक्षिणा होईल एवढा,
सूर्याआड जातो, हरवतो, पुन्हा सापडावा लागतो.
दोनदा. चारदा.
तेव्हा कुठे क्रमांक, आणि क्रमांकानंतर बारसं.
सात वर्षं बिननावाचं मूल.

तामोत्सुच्या मनात एका गायीचं नाव होतं.
अकराव्या गोठ्यातली, त्याचा टँकर ओळखणारी.
पाळीव जनावरांची नावं शक्यतो नकोत, असं उत्तर आलं.
मग तो म्हणाला, तुझंच ठेवू.
"मी इथे आहे की," फुसाए म्हणाली.
"मला हाक मारली तर ऐकू येते.
जे ओ देत नाही, त्याचं ठेवा."

शिकेरेबेनाई.
तिचं गाव. आधी खाण मिटली, मग शाळा, मग पोस्ट.
दर नववर्षाला ती तिथल्या बाईंना कार्ड टाकायची,
दर वर्षी ते शिक्का मारून परत यायचं.
त्या मुलखातल्या पहिल्या लोकांच्या बोलीत
नाई म्हणजे ओढा.
आपल्याकडे वऱ्हाडात
नाई म्हणजे नाही.
फुसाएला आपली बोली ठाऊक असायचं कारण नाही,
पण अर्थ तिला पोचला होता.

नावाला सोळा अक्षरांची मर्यादा असते.
तिने रोमन अक्षरं बोटांवर मोजली. बारा.
"चार उरली," ती म्हणाली,
वाण्याकडून मोड परत मिळाल्यासारखी.

मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी
पाळणा नव्हता, कानात कुर्र करायला आत्या नव्हती.
तामोत्सुने टँकर धुतला, जरा जास्तच वेळ.
फुसाएने बिस्किटांच्या डब्यातून त्या दोन फिल्म काढल्या,
कडांना बुरशी धरलेल्या,
भिंगांखाली सरळ लावल्या,
आणि आधी डावा डोळा मिटून पाहिलं,
त्याला दिसतं तसं.
सगळे ठिपके सारखे.

मग उघडला.